अभ्यासिका हवीच, पण कपाटं हलवू नका

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका करायचं घाटतंय. कथा-कादंबऱ्यांची कपाटं खालच्या मागच्या खोलीत हलवायची आणि रिकाम्या झालेल्या जागेत टेबलं, खुर्च्या, प्रत्येक जागेला दिवा, चार्जिंगचा पॉइंट आणि वायफाय करायचं, असा कार्यकारिणीचा प्रस्ताव आहे. त्यावरून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडलेत. दादा म्हणतो, ‘कादंबऱ्या वाचतंय कोण आता? पोरं पुण्यात पैसे मोजून अभ्यासिकेत बसतात, ती सोय गावात झाली तर बिघडलं कुठे?’ आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेले आप्पाकाका म्हणतात, ‘वाचनालय ही परीक्षेला बसायची खोली नव्हे. अशानेच वाचनसंस्कृती बुडाली.’ वर्गणी बाहेरगावी असणाऱ्यांकडूनही गोळा करायची असल्याने इंग्लंडात बसलेल्या मलाही मत विचारलं गेलं. ग्रुपवर दोन ओळींत ते मावेना, म्हणून इथे लिहिते.

आधी अभ्यासिकेबद्दल. तिला नाक मुरडणं मला जमत नाही. माझी पुतणी पुण्यात एमपीएससीची तयारी करते. खोलीत आणखी तिघीजणी, एक पंखा, खिडकीखाली वाहनांचा आवाज. घरी असते तेव्हा वेगळंच. पुस्तक उघडलं की ‘जरा कुकर बघ गं’ अशी हाक येते. अभ्यासिकेतली ती अडीच फुटांची जागा ही तिच्यासारख्या कितीतरी मुलींच्या आयुष्यातली पहिली जागा, जिथून कुणी त्यांना उठवत नाही. नोकरी लागलेल्या, घर-गाडी झालेल्या आम्ही परदेशातून ‘हल्लीची मुलं साहित्य वाचत नाहीत हो’ म्हणून हळहळणं मला पटत नाही. त्यांना आधी पोटापाण्याचं बघायचंय.

पण तिने एकदा व्हिडिओ कॉलवर तिचं राज्यघटनेचं पुस्तक दाखवलं, ते माझ्या मनातून जात नाही. पानोपानी तीन रंगांच्या रेघा. समासात बारीक अक्षरात ‘२०१९ पूर्व’, ‘२०२२ मुख्य’. ज्या ओळीवर ज्या वर्षी प्रश्न आला, त्या ओळीसमोर ते वर्ष. पुस्तक इतकं बारकाईने वाचलेलं मी फार कमी पाहिलंय. पण ते शेवटाकडून वाचलेलं आहे. आधी प्रश्न, मग त्याच्या उत्तरापुरतं पान. ज्या ओळीवर कधीच प्रश्न आला नाही, ती कोरी. ती म्हणाली, ‘आत्या, मधे एक कादंबरी हातात घेतली होती. चाळीस पानं वाचली आणि चोरी करतेय असं वाटायला लागलं. ठेवून दिली.’

अभ्यासासाठी वाचणं आणि आवडीने वाचणं यांतला फरक मला या चोरीच्या भावनेत दिसतो. फरक पुस्तकात नसतो. मराठेशाहीचा इतिहास परीक्षेसाठी वाचता येतो आणि रात्री झोप येईना म्हणूनही वाचता येतो. सोपं ते करमणुकीचं, अवघड ते अभ्यासाचं, हीही वाटणी खोटी. आठशे पानांचा ग्रंथ केवळ हौसेने वाचणारी माणसं आपल्याकडे गावोगावी होती आणि आहेत. फरक असा की अभ्यासाच्या वाचनात प्रश्न दुसऱ्याने आधीच काढून ठेवलेला असतो आणि त्याचं उत्तर आपण त्याला देणं लागतो. आवडीच्या वाचनात आपण कुणाचंच काही देणं लागत नाही. कंटाळा आला तर पुस्तक मिटायचं. वर्णनं वगळून पुढे जायचं, आवडलेला प्रसंग पाच वेळा वाचायचा, शेवट आधी बघायचा. हे सगळं करायची मोकळीक म्हणजेच ते वाचन. ती काढून घेतली की हातात पुस्तक तेच राहतं, वाचन मात्र अभ्यासाचं होऊन बसतं.

आणि ही मोकळीक आपण शाळेपासूनच काढून घेतो. दहावीच्या मराठी कुमारभारतीत ‘स्थूलवाचन’ नावाचा विभाग आहे. मुलांनी चार पानं सलग, आपल्या गतीने वाचावीत म्हणून घातलेला. ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत त्याला ६ गुण आहेत. गुण आले की टिपा आल्या, टिपा आल्या की अपेक्षित प्रश्नसंचात त्यांची तयार उत्तरं आली, आणि मूळ पाठ न वाचता ६ पैकी ५ पाडणारी मुलंही आली. शासनाने मोठ्या हौसेने ‘महावाचन उत्सव’ सुरू केला, त्यातही वाचलेल्या पुस्तकाबद्दल लिहून ते पोर्टलवर चढवायचं, मग बक्षिसं. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, त्याचे फोटो. हेतूबद्दल मला शंका नाही. पण मुलाने पुस्तक मिटलं की लगेच त्याच्यापुढे हिशेबाची वही धरायची, ही सवय काही सुटत नाही.

‘तिकडे असं नसेल ना?’ असं वहिनीने विचारलं. आहे, इथेही आहे. प्राथमिक शाळेत मुलाच्या दप्तरात वाचनाची नोंदवही असते. आज किती पानं वाचली ते लिहून आईबापांनी सही करायची. माझा मुलगा आता जीसीएसईच्या, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेच्या, वर्गात आहे. शेक्सपियरचं एक नाटक आणि एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी त्याला आहे. परीक्षेत पुस्तक उघडता येत नाही, म्हणून अवतरणं पाठ करायची. त्याच्या टेबलावर कार्डांची चळत असते: एका बाजूला अवतरण, दुसऱ्या बाजूला ‘महत्त्वाकांक्षा’, ‘अपराधभाव’. रेघांचा रंग बदलला, पण पुतणीचं पुस्तक आणि ही चळत एकाच जातीची.

इंग्लंडच्या २०१४ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात आनंदासाठी वाचन हे उद्दिष्ट म्हणून लिहिलेलं आहे. तरी नॅशनल लिटरसी ट्रस्ट या इथल्या साक्षरतेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत, मोकळ्या वेळात वाचायला आवडतं असं म्हणणारी ८ ते १८ वयाची मुलं फक्त ३२.७ टक्के निघाली. वीस वर्षांतला हा नीचांक. रोज काहीतरी वाचणारी १८.७ टक्के. सरकारने २०२६ हे राष्ट्रीय वाचनवर्ष जाहीर केलं ते या काळजीपोटीच. तेव्हा ‘गोऱ्यांच्या देशात बघा कसे सगळे बसमध्ये वाचत असतात’ हे आता कुणी मला सांगू नये. बसमध्ये सगळे फोनच बघतात.

या काळजीत इथे एक युक्तिवाद फार चालतो, तो मला खटकतो. १९७० मध्ये ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यावरून २०१३ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या संशोधकांनी दाखवलं की आवडीने वाचणाऱ्या मुलांची १० ते १६ या वयात शब्दसंग्रहात, स्पेलिंगमध्ये, इतकंच काय गणितातही जास्त प्रगती झाली. संशोधन चांगलं आहे, मला त्यावर आक्षेप नाही. आक्षेप त्याच्या वापरावर आहे. शाळेच्या सभेत आम्हा पालकांना तेच सांगतात: मुलांना गोष्टी वाचू द्या, गणितात फायदा होतो. पुतणीलाही कुणीतरी सांगितलंय की २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, तेव्हा थोडं अवांतर वाच, उत्तरात वापरता येईल. म्हणजे चोरी आता कायदेशीर झाली, पण अटीवर. फायदा होईल म्हणून हातात घेतलेल्या कादंबरीतही ती ‘वापरता येईल’ अशी वाक्यंच शोधणार. पोराला गोष्ट वाचू द्यायची ती त्याला ती हवी आहे म्हणून. एवढं कारण आपल्याला पुरत का नाही?

इंग्लंडकडून घ्यायचंच तर मी एक गोष्ट घेईन. ती अभ्यासक्रमात नाही, वाचनालयाच्या रचनेत आहे. १८९४ मध्ये लंडनमधल्या क्लार्कनवेलच्या सार्वजनिक वाचनालयाने वाचकांना थेट कपाटांपर्यंत जाऊ दिलं. त्याआधी इथेही काउंटरवर नाव सांगायचं आणि आतून पुस्तक यायचं. जेम्स डफ ब्राऊन या ग्रंथपालाने ते मोडलं. पुस्तकं चोरीला जातील, फाटतील, विस्कटतील म्हणून बरीच ओरड झाली. पण हळूहळू सगळीकडे तीच पद्धत रुळली. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून नेमले गेलेले एस. आर. रंगनाथन त्याच वर्षी शिकायला लंडनला आले. मूळचे गणिताचे प्राध्यापक. इथली वाचनालयं पाहून ते परतले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पहिलाच नियम असा की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. त्यांनी उघड्या कपाटांचा आयुष्यभर आग्रह धरला. १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीला आपण हार घालतो, आणि कपाटाची किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवतो.

गावच्या वाचनालयात काचेची दारं असलेली पोलादी कपाटं आहेत. काचेवर धूळ, आत पुठ्ठ्यात बांधलेली पुस्तकं, कण्यांवर फक्त नंबर. यादीच्या रजिस्टरमधून नंबर शोधायचा, चिठ्ठी द्यायची. कुठलं पुस्तक हवं हे आधी ठाऊक असणाऱ्यालाच तिथे पुस्तक मिळतं. म्हणजे तिथेही आधी प्रश्न, मग पान. दादा, कादंबऱ्या वाचतंय कोण असं विचारतोस. पण त्या हाताला लागतातच कुणाच्या? नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ म्हणत पुस्तकांच्या पेट्या लोकांच्या घरी पोचवल्या, तर त्या पार दुबईपर्यंत गेल्या. डिसेंबरात पुण्यात फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो, तिथली गर्दी तू पाहिलीच आहेस. वाचणारे आहेत.

मी राहते ते गाव बर्मिंगहॅमजवळ. इथल्या शाखेच्या वाचनालयात शनिवारी गेलं की मधोमध टेबलं, त्यांवर जीसीएसईची आणि ए-लेव्हलची, म्हणजे आपल्या बारावीच्या वयाची, मुलं, आणि चारी बाजूंनी उघडी कपाटं. मोठ्या टायपातल्या रहस्यकथा न्यायला आलेले म्हातारे त्यांच्या खुर्च्यांमधूनच वाट काढतात. परवा एक मुलगी रसायनशास्त्राच्या वहीवरून उठली, आळस दिला, मागच्या कपाटातून एक चित्रकथा ओढली आणि उभ्या उभ्या दहाएक मिनिटं वाचत राहिली. मग ती जागेवर ठेवून पुन्हा रसायनशास्त्र. त्या दहा मिनिटांची कुठेही नोंद झाली नाही. कार्ड नाही, सही नाही, सारांश नाही. अभ्यास करता करता मान वर केली की समोर पुस्तकं दिसतात, एवढीच ती सोय. प्रस्तावाप्रमाणे कपाटं मागच्या खोलीत गेली, तर आमच्या गावच्या मुलीने मान वर केल्यावर समोर भिंत असेल.

एक सावधगिरीही इथूनच सांगते. बर्मिंगहॅमचं मुख्य ग्रंथालय २०१३ मध्ये जवळपास १९ कोटी पौंड खर्चून बांधलं, मलाला युसुफझाईच्या हस्ते उघडलं. आठवड्याला ७३ तास उघडं असायचं. दोन वर्षांतच पैसे नाहीत म्हणून ते ४० तासांवर आणावं लागलं. २०१० ते २०१९ या काळात ब्रिटनमध्ये साडेसातशेहून जास्त वाचनालयं बंद झाली. इमारतीला देणगीदार मिळतो, रोज दार उघडणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळत नाही. आपल्याकडे रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. ब्रिटनच्या संसदेने वाचनालयांचा पहिला कायदा केला तो १८५० मध्ये. इतकी जुनी परंपरा टिकली ती तुटपुंज्या मानधनावर संध्याकाळी दिवा लावणाऱ्या ग्रंथपालांमुळे. आमच्या वाचनालयात ते काम करणाऱ्या मावशींना या प्रस्तावात एक रुपयाही वाढवून दिलेला नाही, आणि अभ्यासिका रात्री दहापर्यंत चालवायची म्हणे. ती कोण चालवणार?

आप्पाकाकांना माझं सांगणं एवढंच की अभ्यासिकेला विरोध करू नका. त्या मुली तिथे आल्या तरच वाचनालयात माणसं येतील. आणि तुमच्याकडे परीक्षेसाठी वाचायला येणारीला ‘हे काय वाचतेस, ते वाच’ असं सांगायचंही नाही. तिने मागितलं तर द्यायचं, नाहीतर बसू द्यायचं.

दादा, टेबलांच्या आणि दिव्यांच्या खर्चातला माझा वाटा मी पाठवते. कपाटं वरच राहतील, टेबलं त्यांच्या मधे लागतील, जागा चार कमी झाल्या तरी चालेल. काचेची दारं काढायची आणि पुठ्ठ्याच्या कण्यांवर नंबराबरोबर पुस्तकाचं नाव लिहायचं. दिवाळी अंकांची चळत टेबलांवर उघडी ठेवायची. वर्षाला दहा-वीस पुस्तकं हरवतील, ती हरवू देत. त्यांचे पैसे मी वेगळे देईन. मावशींच्या मानधनासाठी महिन्याची रक्कम ठरवा, बाहेरगावच्या आम्हा सगळ्यांकडून ती दरमहा जमा करायची जबाबदारी माझी. सर्वसाधारण सभेच्या आधी हा मजकूर कार्यकारिणीच्या सचिवांना दाखव आणि कपाटांवरचा निर्णय इतिवृत्तात लिहून घे.