कोळंबीच्या पाकिटाची मागची बाजू

सांगलीत कृष्णेची मरळ किंवा वाम पारखून घेणारे पुष्कळ आहेत. कोळंबीची पारख मात्र आपल्याकडे फारशी नाही, कारण ती घाट चढून येते आणि अलीकडे तर बहुधा गोठवलेल्या पाकिटातूनच येते. रत्नागिरीची माझी आत्या कोळणीला दहा प्रश्न विचारल्याशिवाय टोपलीला हात लावत नाही. आम्ही इथे पाकिटावरचे लाटांचे चित्र बघतो, किंमत बघतो आणि पाकीट पिशवीत टाकतो. त्या दहांपैकी निम्म्या प्रश्नांची उत्तरे पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली असतात, ही गोष्ट मलाही उशिराच कळली.

गेल्या महिन्यात आणलेल्या पाकिटावर ‘३१/४०’ असा आकडा होता. हा आकडा एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, किती नग बसतात ते सांगतो. आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी. म्हणजे २५० ग्रॅमच्या पाकिटात सतरा ते बावीस नग हवेत. आत्याने फोनवर विचारले, “अरे, मोजलीस का?” मोजली, तर एकवीस भरली. मी खूश झालो. तेवढ्यात तिने पुढचा प्रश्न टाकला, “बर्फ धुऊन वजन केलंस का?”

गोठवलेली कोळंबी सुकू नये म्हणून तिच्यावर पाण्याचा पातळ थर चढवतात, त्याला ग्लेझ म्हणतात. थर गरजेचाच आहे, परंतु कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या गोठवलेल्या कोळंबीसाठीच्या मानकानुसार निव्वळ वजन हा थर वगळून सांगायचे असते. थंड पाण्याखाली फक्त तो थर जाईपर्यंत धुऊन, आतली कोळंबी कडक असतानाच मी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. २०५ ग्रॅम. एकवीस नगांचे वजन २०५ ग्रॅम, म्हणजे पौंडाला सेहेचाळीस-सत्तेचाळीस. ही तर खालच्या, ४१/५० आकाराची कोळंबी झाली. आकडा सोलण्यापूर्वीचा की नंतरचा, याचाही खुलासा पाकिटावर नव्हता. पण वजनातल्या तुटीला ती सबब चालत नाही. पंचेचाळीस ग्रॅम पाण्याचे पैसे मी कोळंबीच्या भावाने दिले होते. एक किलोहून लहान पाकिटावर दर ग्रॅमची किंमत छापावी लागते, पण वजनातच बर्फ मिसळला असेल तर त्या किमतीची तुलना करण्यात काय अर्थ राहिला?

पाणी दुसऱ्या वाटेनेही आत शिरते. घटक पदार्थांत ‘आयएनएस ४५१’ (आयएनएस म्हणजे अन्नात मिसळायच्या पदार्थांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक) दिसले तर ते ट्रायफॉस्फेट असते, ज्यामुळे मांस पाणी धरून ठेवते. मग तव्यावर कोळंबी पाणी सोडते, आक्रसते, आणि आपण गृहिणीला दोष देतो. ‘आयएनएस २२३’ हे कवचावर काळे डाग पडू नयेत म्हणून वापरायचे सल्फाइट. घरात दम्याचे कोणी असेल तर ते जरूर पाहावे. घटकांच्या यादीत फक्त ‘कोळंबी’ एवढा एकच शब्द असलेले पाकीट मिळाले, तर मी चार पैसे जास्त देतो.

पाकिटावरच्या पत्त्याने मात्र फसू नये. तो बहुधा प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याचा किंवा विकणाऱ्याचा असतो, आणि चौदा अंकी अन्न परवाना क्रमांकावरूनही कोळंबी कोणत्या तळ्यात वाढवली ते कळत नाही. ‘वन्नामेई’ लिहिले असेल तर ती मूळची अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्याची जात आहे, भारतात २००९ पासून तिच्या व्यापारी शेतीला परवानगी आहे, आणि आपल्याकडे ती मुख्यतः आंध्र प्रदेशातल्या तळ्यांतून येते. तळ्यातली म्हणून ती वाईट ठरत नाही. माझी तक्रार आहे ती वर छापलेल्या समुद्राच्या लाटांच्या चित्राबद्दल.

गोठवलेली कोळंबी उणे अठरा अंशांत ठेवण्याची अट दुकानापर्यंत पाळली गेली का, हे लेबल सांगू शकत नाही. त्यासाठी पाकीट हलवावे. नग सुटे सुटे खडखडले पाहिजेत. एकच ढेकूळ लागले तर वाटेत कुठेतरी ती वितळून पुन्हा गोठली आहे, असे मी समजतो.

आता तर मी बर्फावर मांडलेल्या सुट्या कोळंबीलाही प्रश्न विचारू लागलो आहे, कारण तिला लेबलच नसते. परवा एका विक्रेत्याने सरळ सांगितले, “साहेब, गोठवलेलीच होती, सकाळी सोडवली. पण तसं सांगितलं तर गिऱ्हाईक घेत नाही.” त्याच्याकडून अर्धा किलो घेतली आणि पुन्हा फ्रीजरमध्ये न टाकता त्याच संध्याकाळी कालवण केले.