लॉर्ड कार्डिगनची विकतची कर्नलकी

पुढे बटणं असलेला कार्डिगन स्वेटर आपल्या ओळखीचा. तो ज्याच्या नावाचा, त्या सातव्या अर्ल ऑफ कार्डिगनचा, म्हणजे जेम्स ब्रुडनेलचा (1797–1868) विषय निघाला की लोक थेट क्रिमियन युद्धातल्या बालाक्लावाच्या लढाईवर येतात. मला त्याआधीची त्याची वर्षं जास्त अस्वस्थ करतात.

तेव्हा ब्रिटिश पायदळात आणि घोडदळात हुद्दा चक्क विकत मिळायचा. घोडदळातल्या लेफ्टनंट कर्नलकीचा सरकारी दर 6,175 पौंड. प्रत्यक्षात वरून कितीतरी जास्त मोजावे लागत. कार्डिगनने 1832 मध्ये अशी एक रेजिमेंट मिळवली. हाताखालच्या एका कॅप्टनला कोर्ट मार्शलपर्यंत खेचलं, तो निर्दोष सुटला आणि 1834 मध्ये कार्डिगनलाच काढून टाकलं. एखाद्या साध्या घरातल्या माणसाची नोकरी तिथेच संपली असती. पण 1836 मध्ये साहेब 11व्या लाइट ड्रॅगून्स या घोडदळाच्या रेजिमेंटचे प्रमुख!

ही रेजिमेंट अनेक वर्षं हिंदुस्थानात होती. इथल्या उन्हात नोकरी केलेल्या, बेताच्या ऐपतीच्या अधिकाऱ्यांना तो तुच्छतेने ‘इंडियन’ म्हणायचा. 1840 मध्ये कँटरबरीच्या मेसमध्ये पाहुण्यासाठी कॅप्टन जॉन रेनॉल्ड्सने मोझेल ही पांढरी वाइन मागवली. ती काळ्या बाटलीत आली. कार्डिगनला वाटलं, आपण बंदी घातलेली पोर्टर बिअरच टेबलावर आली. एवढ्यावरून प्रकरण रेनॉल्ड्सच्या अटकेपर्यंत गेलं. एका कॅप्टनला बाटलीच्या रंगावरून अटक! त्याच वर्षी कार्डिगनने हार्वी टकेट या माजी अधिकाऱ्याला द्वंद्वात गोळी घालून जखमी केलं. खटला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या उमरावांच्या सभागृहात चालला आणि जखमीचं पूर्ण नाव नीट सिद्ध झालं नाही म्हणून तो सुटला. न्याय करणारे सगळे त्याच्याच पंगतीतले.

25 ऑक्टोबर 1854 ला बालाक्लावात त्याच्यामागून सुमारे 670 घोडेस्वार रशियन तोफांच्या तोंडी गेले. तो भित्रा नव्हता, सगळ्यांच्या पुढे होता. चुकीचा हुकूमही त्याचा नव्हता. पण तोफांपर्यंत पोचल्यावर तो मागे वळला. साध्या शिपायांत मिसळून लढणं सेनापतीचं काम नव्हे, हे त्याचं म्हणणं. माणसं तिथे झुंजत असताना हे सुचतं कसं? शंभरावर मेले. तो मुक्कामाला बंदरातल्या स्वतःच्या यॉटवर असायचा, आणि मायदेशी त्याचं स्वागत झालं वीर म्हणून.

हुद्द्यांची विक्री बंद झाली 1871 मध्ये, तीही लॉर्ड्स अडून बसल्यावर राणीच्या फर्मानाने. हुद्दे विकत घेतलेल्यांना सरकारी तिजोरीतून भरपाई मिळाली. बालाक्लावाहून परतलेल्या हलाखीतल्या घोडेस्वारांसाठी मात्र 1890 मध्ये वर्गणी काढावी लागली.