पाटे वाढवण्याआधी गाडी काट्यावर घाला

पिकअपच्या हौद्यावर कॅम्पर, म्हणजे राहायची खोली, बसवून कोकणात उतरायची हौस आपल्या कोल्हापुरातल्या पोरांना लागलीय, याचा मला मनापासून आनंद आहे. पण भावांनो, उद्यमनगरातल्या गॅरेजात गाडी लावून "मागं दोन पाटे जादा टाका" एवढंच सांगून मोकळं होऊ नका. पाटे म्हणजे एक्सलवर गाडीचा भार पेलणाऱ्या कमानदार स्प्रिंगच्या पट्ट्या.

गूळ नाहीतर भाजी वाहणारी गाडी सकाळी भरते, दुपारी रिकामी होते. कॅम्पर उतरत नाही. पलंग, ओटा, सिलिंडर, बॅटरी कायम अंगावर, त्यात १०० लिटर पाणी म्हणजे आणखी १०० किलो. मूळ पाटे हळूहळू कमान सोडतात. खाली वाकून चासीखालचं बंप रबर बघा; एक्सल आपटून ते चेपलेलं, घासून गुळगुळीत झालेलं दिसलं तर पाटे दबलेत. पाट्यांत बदल करायला हवाच. प्रश्न आहे किती, याचा.

त्यासाठी पाणी, सामान, माणसं यांच्यासकट वजनकाट्यावर जा. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोला. तो आकडा घेऊन मग पाटेवाल्याकडे. रुंदी-लांबी तीच ठेवून ८ मिमीच्या जागी १० मिमीचा पाटा घातला, तर तो जवळजवळ दुप्पट कडक होतो. अंदाजानं असला पाटा घातला की गाडी उचलते खरी, पण प्रत्येक खड्ड्याचा दणका चासीला आणि कॅम्परच्या सांध्यांना बसतो. माझं मत विचाराल तर मूळ जाडीचाच एखादा पाटा वाढवा, नीट पाणी दिलेला, म्हणजे तापवून-थंड करून पोलाद कणखर केलेला. गॅसनं तापवून वाकवलेला नको, त्याचं पाणी उतरतं. यू-बोल्ट नवे घाला आणि शॉकअपही, कारण कडक पाट्याची उसळी जुन्या शॉकअपला आवरत नाही.

आणखी एक, याकडे फार कमी जण बघतात. बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलला दांडीनं जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. चासी किती खाली आलीय त्यावरून तो मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. पाट्यांनी गाडी उंच झाली की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. कोकणात जाणारा करूळ घाट उतरताना हे जिवावर बेतेल. पाट्याचं काम झालं की तो व्हॉल्व्ह पुन्हा सेट करून घ्याच.

पाटे वाढले म्हणून आरसीवरचं मंजूर वजन वाढत नाही. एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक तेच असतात. जादा भाराला २०,००० रुपये दंड आणि वर टनामागं २,००० आहेतच, पण मला काळजी आहे ती गाडीत बसलेल्या घरच्या माणसांची. काटा आरसीच्या वर गेला तर पाट्यांचा विषयच सोडा, कॅम्पर हलका करा. टाकी छोटी घ्या आणि ती मागच्या एक्सलच्या पुढं बसवा, नाहीतर चढाला पुढची चाकं हलकी पडतात. पाणी काय, घाट उतरून वैभववाडीतही भरता येतं.