रानात खेळल्याने मुलांचे डोळे बिघडत नाहीत

"मुलांना रानात नेऊन शिकवणे हे परदेशी फॅड आहे, उन्हाने आणि धुळीने डोळे बिघडतात, साप-विंचवाचे भय असते, अभ्यास बुडतो, त्यापेक्षा जंगल मोबाइलवर दाखवा," असा संदेश सध्या साताऱ्यातल्या पालकांमध्ये फिरतो आहे. तो वाचून माझ्या धाकट्या जावेने पुतण्याला यवतेश्वरच्या झाडीत भरणाऱ्या शनिवारच्या वर्गाला पाठवणे बंद केले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

यातला घातक मुद्दा डोळ्यांचा आहे, कारण तो वस्तुस्थितीच्या नेमका उलटा आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळांतील सहा-सात वर्षांच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक तास उघड्यावर घेतला, तिथे नव्याने लघुदृष्टी (दूरचे अंधुक दिसण्याचा दोष) आलेल्या मुलांचे प्रमाण ३०.४ टक्के होते, तर बाकीच्या शाळांत ते ३९.५ टक्के. तो तास रानातलाच होता असे नाही, हे मान्य. पण तो वीतभर अंतरावरच्या पडद्यापुढचा नक्कीच नव्हता. पुतण्याच्या हातात मात्र आता दर शनिवारी मोबाइल असतो, आणि तोही म्हणे डोळे जपण्यासाठी.

परदेशी फॅड म्हणणाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडची कुरणशाळा आठवावी. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली.

अभ्यास बुडतो म्हणावे, तर याच पुतण्याने मागे त्या वर्गातून करंजाची एक शेंग घरी आणली, ती बादलीत तरंगते का ते पाहिले, मग फोडली आणि एवढ्या जाड सालीत बी एकच का, असे विचारून आम्हा दोघींना निरुत्तर केले.

सापाचे भय मात्र अगदीच खोटे नाही. पावसाळ्यात गवत माजले की घोणस दिसत नाही, म्हणून त्या दिवसांत वर्ग मोकळ्या जागी घ्यावा, शिक्षकांनी काठी आपटत पुढे चालावे आणि मुलांच्या पायांत बंद बूट असावेत. मण्यार तर रात्री घरात जमिनीवर झोपलेल्यांना चावते. तेवढ्यासाठी कोणी घर सोडत नाही, अंथरूण खाटेवर घालतो. बूट मी घेऊन देते, असे जावेला कळवले आहे. तिचे उत्तर अजून आलेले नाही.