एआरपीचे उत्तर, झोपलेला संगणक आणि बंद केलेली फायरवॉल

नमस्कार.

कार्यालयातील संगणक घरून सापडेनासा झाला तर काय तपासावे, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया तिखट आहे. पण तिच्यातला पहिला आक्षेप पूर्णपणे खरा असल्यामुळे आधी तोच घेतो.

आपण लिहिले आहे की, शनिवारी पिंगला (‘यंत्रा, आहेस का?’ अशा नेटवर्कवरच्या हाकेला) उत्तर मिळेना, म्हणून लेखात सांगितल्याप्रमाणे आपण कार्यालयातल्या दुसऱ्या एका चालू संगणकावर शिरून ‘एआरपी -ए’ ही, त्याला ठाऊक असलेल्या शेजारी यंत्रांची यादी दाखवणारी आज्ञा चालवली. यादीत हव्या त्या संगणकाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक, दिसला. ‘मॅक पत्ता दिसला म्हणजे यंत्र जागे आहे, दोष पुढे शोधा’ या माझ्या वाक्यावर विसंबून आपण दोन तास सेटिंगांशी झटलात आणि रविवारी प्रत्यक्ष जाऊन पाहता संगणक झोपलेला निघाला. माझे ते वाक्य चुकीचे होते. अर्धवट नव्हे, चुकीचे.

चूक कुठे झाली ते सांगणे माझे काम आहे. एकाच नेटवर्कमधील दोन यंत्रांना एकमेकांशी बोलण्याआधी एकमेकांचे मॅक पत्ते कळावे लागतात, आणि ते विचारण्याची पद्धत म्हणजे एआरपी. विंडोजची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या नियमांनुसार अडवणारी चौकी, सहसा पिंग अडवते, पण एआरपीच्या वाटेला जात नाही. म्हणून पिंगपेक्षा हा पुरावा भक्कम, असा माझा युक्तिवाद होता. तो जाग्या यंत्रापुरता ठीक आहे. मात्र विंडोज ७ पासून संगणक झोपी जाताना ‘एआरपीला तूच उत्तर देत जा’ असे काम नेटवर्क कार्डावर सोपवू शकतो, आणि ज्या कार्डांत ही सोय असते ती मुख्य यंत्रणा निद्रिस्त असतानाही ते काम इमानेइतबारे करतात. मालक गाढ झोपलेला असताना दारावरच्या रखवालदाराने ‘हो, साहेब इथेच राहतात’ असे सांगावे, तसा हा प्रकार. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या प्रगत गुणधर्मांत ‘एआरपी ऑफलोड’ अशी नोंद दिसली, तर आपल्याकडे हेच घडले असण्याचा संभव मोठा आहे.

उत्तर आले एवढ्यावर थांबू नये, ते कोणी दिले हे पाहावे, हा धडा खरे तर मला आधीच मिळाला होता. एका छोट्या कार्यालयात वीज जाऊन आल्यावर राउटरने पत्त्यांचे वाटप नव्याने केले आणि हिशेबाच्या संगणकाचा जुना पत्ता प्रिंटरला मिळाला. पिंगला झकास उत्तर येत होते आणि मी रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून संगणक वापरण्याच्या सोयीचा, दोष शोधत बसलो होतो. उत्तरातला टीटीएल हा आकडा (पॅकेटने किती टप्पे ओलांडावेत याची मर्यादा) ६४ होता, तर विंडोज साधारणपणे १२८ पाठवते; ते माझ्या नजरेस उशिरा पडले.

मग दुरून झोप ओळखायची कशी? कार्यालयात मॅनेज्ड स्विच (यंत्रांना जोडणारा आणि स्वतःची स्थिती दुरून दाखवणारा डबा) असेल तर त्या संगणकाची तार जिथे लागते त्या पोर्टचा वेग पाहावा. झोपेत वीज वाचवण्यासाठी बरीच कार्डे १००० वरून १०० किंवा १० मेगाबिटवर उतरतात, आणि एरवी १००० वर चालणारे पोर्ट १० वर दिसले तर शंका घ्यायला जागा आहे. स्विच साधा असेल, तर त्याच नेटवर्कमधील दुसऱ्या संगणकावरून झोपलेल्या यंत्राला जागे करणारे ‘मॅजिक पॅकेट’ पाठवावे. त्यात आधी सहा बाइट ठरावीक खूण आणि मग सोळा वेळा तोच मॅक पत्ता, असा १०२ बाइटांचा मजकूर असतो. वेक-ऑन-लॅन ही नेटवर्कवरून जागे होण्याची सोय आधीपासून सुरू असेल आणि पॅकेट पाठवल्यावर मिनिटभरात रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ हे पोर्ट (येथे पोर्ट म्हणजे त्या सोयीचा दार-क्रमांक, स्विचवरची जागा नव्हे) उघडे मिळाले, तर संगणक झोपला किंवा बंद होता हे कळले आणि रविवारची फेरीही वाचली.

आता दुसरा आक्षेप. संगणक जागा केल्यावरही जोडणी होईना, तेव्हा आपण फायरवॉल सरळ बंद केली, पाच सेकंदांत काम झाले, आणि आपण विचारता की मग लेखातला एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी. येथे मी आपल्याशी सहमत नाही. फायरवॉल बंद करून दोष तिच्यात आहे एवढेच कळले. कोणता नियम आड येत होता, हे मात्र त्याच क्षणी झाकले गेले. आपल्याच प्रतिक्रियेत त्याचा धागा आहे. ‘नवा राउटर बसवल्यापासून हा त्रास सुरू झाला’ असे आपण जाता जाता म्हटले आहे. विंडोज नेटवर्क ओळखते ते प्रामुख्याने राउटरच्या मॅक पत्त्यावरून. राउटर बदलला की तिच्या लेखी ते अनोळखी नेटवर्क ठरते, आणि कोणी काही निवडले नाही तर ते ‘सार्वजनिक’ गटात जाते. रिमोट डेस्कटॉपचा नियम केवळ ‘खासगी’ गटापुरता सुरू असेल, तर राउटर बदलल्याच्या दिवसापासून तो लागू होणेच थांबते. पॉवरशेलमध्ये ‘गेट-नेटकनेक्शनप्रोफाइल’ ही आज्ञा चालवून पाहावी. ‘पब्लिक’ असे दिसले तर नेटवर्कच्या गुणधर्मांत ‘प्रायव्हेट’ निवडावे आणि फायरवॉल पुन्हा सुरू करावी. हेही काम पाच सेकंदांचेच आहे.

‘आम्ही राउटरच्या आत आहोत, धोका कुठला?’ या आपल्या प्रश्नाला मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या संगणक-विषाणूचे उदाहरण पुरेसे आहे. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली असूनही, ती न बसवलेल्या संगणकांत तो ४४५ या पोर्टवरून कोणी काहीही न उघडता एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत गेला. राउटर बाहेरच्यांना थोपवतो. पाहुण्याने आणलेल्या बाधित लॅपटॉपपुढे मात्र प्रत्येक संगणकाची स्वतःची फायरवॉलच उभी असते.

मूळ लेखातले ते वाक्य आज बदलले असून झोपेची तपासणी शेवटून उचलून सुरुवातीला आणली आहे. एक विनंती आहे. त्या संगणकाच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, सिस्टम विभागात, ‘पॉवर-ट्रबलशूटर’ची १ क्रमांकाची नोंद उघडावी, तिच्यात झोपण्याची आणि जागे होण्याची अशा दोन्ही वेळा असतात. झोपण्याची वेळ आपण एआरपी चालवण्याआधीची आहे की नंतरची, ते कृपया कळवावे. आधीची असेल तर कार्डानेच आपल्याला उत्तर दिले असण्याचा संभव मोठा आहे. नंतरची असेल, तर त्या घडीला संगणक खरोखर जागा होता आणि आपल्याला आड येत होती ती केवळ फायरवॉल.