स्कॅन नॉर्मल असला तरी लक्ष का टिकत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

डोक्याच्या दुखापतीवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे की, सीटी स्कॅन नॉर्मल असून माणूस चालतो-बोलतो, तेव्हा ‘लक्ष लागत नाही’ ही कामचुकारांची सबब आहे आणि माझा लेख तिला खतपाणी घालतो. असे बोलणे आपल्या खान्देशात घरोघरी ऐकू येते, म्हणून सविस्तर लिहितो.

सीटी स्कॅन रक्तस्राव, सूज आणि कवटीचे फ्रॅक्चर दाखवतो. जीव वाचवायचा तर आधी तेच पाहावे लागते. परंतु मोटारसायकलवरून पडताना डोके झटक्यात फिरते, तेव्हा मेंदूच्या दूरदूरच्या भागांना जोडणारे सूक्ष्म तंतू ताणले जातात, काही तुटतात, आणि ही इजा सीटी स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही. मेंदूतील विकृतींच्या अभ्यासक सॅबिना स्ट्रिच यांनी १९५६ मध्येच, गंभीर दुखापतीनंतर दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूत अशा तंतूंचा व्यापक ऱ्हास दाखवला होता. सौम्य दुखापतीत नुकसान पुष्कळ कमी असते, पण लक्ष टिकवण्याचे काम याच जोडण्यांवर चालते.

निरोगी माणूस कामात गढला की मनातल्या भटकंतीशी निगडित असलेले मेंदूचे जाळे शांत होते. दुखापतीनंतर ते पुरेसे शांत होत नाही, असे फंक्शनल एमआरआयच्या (काम करताना मेंदूचा कोणता भाग सक्रिय होतो ते दाखवणाऱ्या तपासणीच्या) अभ्यासांत आढळले आहे. सौम्य दुखापतीच्या काही रुग्णांत तर उत्तरे इतरांइतकीच बरोबर येत असूनही, काम अवघड होताच मेंदूची सक्रियता जास्त वाढलेली दिसली. ज्याला आपण आळशी म्हणता, तो कदाचित अधिक कष्ट घेत असेल.

रावेरकडे केळीचा माल भरताना वजनकाट्याशी वही घेऊन बसणाऱ्या, डोक्याला मार लागलेल्या एका तरुणाला मी पाहिले आहे. सुरुवातीच्या नोंदी चोख होत्या. पुढे ट्रॅक्टरचा आवाज, मजुरांची हाकाटी आणि व्यापाऱ्याचा फोन एकत्र आले, तशी वजने भलत्याच रकान्यात जाऊ लागली. कामचुकार माणूस पहिल्या पानावरही इतका नेटका नसतो.

आपले एक म्हणणे मात्र रास्त आहे : प्रत्येक विसराळूपणा दुखापतीच्या माथी मारू नये. अपुरी झोप, डोकेदुखी, नैराश्य आणि काही औषधे यांमुळेही लक्ष ढळते, आणि यांतल्या पुष्कळ गोष्टींवर उपचार आहेत. म्हणूनच न्यूरॉलॉजिस्टला दाखवावे, एकाग्रतेची चाचणी करून घ्यावी. तोवर अशा माणसाला हिशेबाचे काम सकाळी, शांत जागी, मध्ये विसावा देऊन करू द्यावे आणि बेरीज दुसऱ्याने तपासावी.