लाइट गेली म्हणजे केबल मेली? कोणी सांगितलं?

परवाच्या पावसात आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटी ग्रुपवर तो मेसेज परत फिरला. "लाइट गेली असेल तर फीडर पिलर उघडून बघायला धोका नाही, अंडरग्राउंड केबल फुल इन्सुलेटेड असते, रबरी चप्पल घाला, टेस्टर पेटला नाही की बिनधास्त हात घाला." खाली अंगठ्यांची रांग. मी केबल जॉइंटिंगचीच कामं करतो, म्हणून राहवलं नाही.

लाइट तुमच्या घरातली गेली हो, पिलरमधली, म्हणजे रस्त्याकडेच्या त्या वीजवाटपाच्या पेटीतली नाही. तिथे तीन फेज येतात, तुमचा एक फ्यूज उडाला तरी बाकीचे दोन जिवंत, आणि उडालेल्या फ्यूजची इनकमिंग बाजूसुद्धा जिवंतच. वर कोणी जनरेटर चेंजओव्हर न करता, म्हणजे मेन लाइन तोडणारा स्विच न फिरवता, चालू केला तर उलटा सप्लाय येतो तो वेगळाच.

टेस्टर आणि चप्पल, हे तर भारीच. साधा निऑन टेस्टर पेटतो तो तुमच्या अंगातून जमिनीत जाणाऱ्या बारीकशा करंटवर, म्हणजे चप्पल घालून तुम्ही त्याचाच रस्ता अडवता, मग तो मंद पेटणार, त्यात दुपारचं ऊन, दिसणार काय डोंबल! आणि एचटी, म्हणजे हाय टेन्शन केबलवर तो पेन टेस्टर, बीप वाजणारा? केबलच्या आत तांब्याची पट्टी अर्थ केलेली असते, त्यामुळे 11 केव्ही जिवंत असताना पण तो गप्प बसू शकतो. शिवाय सप्लाय बंद केला तरी लांब केबल चार्ज धरून ठेवते. आम्ही शटडाऊन, परमिट सगळं घेऊन, एचटी डिटेक्टरने तपासून मग डिस्चार्ज रॉड, म्हणजे उरलेला चार्ज जमिनीत सोडणारी दांडी, लावतो, तरी कधीकधी चट्ट करून ठिणगी पडते. तिथे बोट असतं तर?

इन्सुलेशनचं म्हणाल तर केबलला आहे, मान्य. पण पिलरमधले लग (केबलच्या टोकाचे धातूचे जोड) आणि बसबार (करंट वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या) उघडेच असतात, आणि जॉइंटमध्ये पाणी शिरलं की भोवतालच्या चिखलातही करंट उतरतो.

आमच्या गेटसमोरच्या पिलरचं दार सध्या दोरीने बांधलंय. वीज कंपनीच्या 1912 ला कंप्लेंट टाकलीय, नंबर ग्रुपवर देतो. तोपर्यंत बॉल तिकडे गेला तर जाऊ दे, पोरांना नवीन घेऊन द्या.